मतदानाचा खाडा

20 मे 2024 ला मुंबईत लोकसभेचं मत टाकायला गेली म्हणून माझ्या आईचा दोन घरांनी खाडा धरला. त्यातल्या एका घरात फ्रिजच्या बाजूला कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यावर 20 तारखेला लाल पेनाने गोल केलाय आणि आत लिहिलंय, 'मावशी नाही'. आईने दुसऱ्या दिवशी ते पाहिलं आणि काही न बोलता भांडी घासून आली. बोटावरची शाई अजून ओली वाटावी इतकी काळी होती. आणि त्या बाई वर तिला म्हणाल्या, "तुम्हाला काय मावशी, पाचशे-हजार मिळालेच असतील."

डोकं फिरलंय माझं. तीन दिवस झाले, झोप लागत नाही.

त्या दिवशी काय झालं ते सांगतो. आईची सकाळची चार घरं. शनिवार-रविवारला जोडून सोमवार आला, म्हणून दोन घरं लोणावळ्याला गेलेली. उरलेल्या दोघांना तिने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की सातला मत टाकते, साडेआठपर्यंत येते. सातच्या आधी रांगेत उभी राहिली. तासाभराने गेटपाशी पोचली तर पोलिसाने अडवलं, मोबाईल आत चालणार नाही. मग ठेवायचा कुठे? तिथे ठेवायची काही सोय नव्हती. बाई माणूस एकटी, फोन रस्त्यावर कुणाच्या हातात देणार? घरी आली, फोन ठेवला, परत गेली आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला. मे महिन्याचं ऊन, डोक्यावर मांडव नाही, पाण्याचा पिंप रिकामा. पुढची म्हातारी मटकन खाली बसली, तिला आईनेच सावलीत नेलं. मत टाकून बाहेर पडायला साडेअकरा वाजले. तशीच धावत कामावर गेली तर दारातच उत्तर मिळालं, "आता राहू द्या, आम्ही घासली."

साडेचार तास उन्हात उभं राहून बाईने मत दिलं आणि वर दोन घरचे पैसे गेले. दीडशे-पावणेदोनशे रुपये. ज्यांना हा आकडा क्षुल्लक वाटतो त्यांनी आमच्याकडे दोन दिवसांची भाजी किती रुपयांत येते ते येऊन बघावं.

कायदा आहे म्हणे. आहेच. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 135ब. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी, रोजंदारीवाल्याचीसुद्धा मजुरी कापायची नाही. मालकाने मोडला तर दंड किती? जास्तीत जास्त 500 रुपये! शिवाय कायदा बोलतो धंदा, व्यापार, कारखाना, आस्थापना यांच्याबद्दल. चार घरची धुणी-भांडी करणाऱ्या बाईने आपली आस्थापना कुठली सांगायची? नाक्यावर उभ्या राहणाऱ्या कामगाराचा तर मालकच रोज बदलतो. सकाळी सातला ज्याला नाक्यावर काम मिळतं, त्याने सातला रांगेत उभं राहायचं म्हणजे त्या दिवसाच्या चुलीवर पाणी ओतायचं. तरी लोक उभे राहतात. आमच्या गल्लीतले राहिले.

आपल्या देशात गरीब मत देत नाही हे साफ खोटं आहे. श्रीमंत, शिकलेला जास्त मत देतो हे अमेरिकेत. आपल्याकडे निवडणुकांचा अभ्यास करणारे 90 च्या दशकापासून सांगत आलेत की गरीब आणि दलित मतदानात मागे नाहीत. मलबार हिल, कुलाबा ज्यात येतात त्या दक्षिण मुंबईत 2024 ला जेमतेम 50 टक्के मतदान झालं. त्यात शिवडी-भायखळ्याच्या चाळीही आहेत, सगळा दोष टॉवरवाल्यांच्या माथी मारत नाही मी. पण मग 'झोपडपट्टीवाले विकले जातात' हे वाक्य लोकलमध्ये, ऑफिसात, बिल्डिंगच्या खाली रोज कशाला ऐकायचं? वस्तीत पाकिटं येतात, नाकारत नाही. पण पाकीट घरात आलं म्हणजे बटण त्याचंच दाबलं, हे कुणी पाहिलंय?

आमची शेजारची मावशी तर मत देऊच शकली नाही. नाला रुंदीकरणात तिची खोली तुटली, पर्यायी खोली मिळाली ती पार दुसऱ्या टोकाला. जुन्या यादीतून नाव उडालं, नव्या यादीत चढलं नाही. पत्ता बदलायचा म्हणजे फॉर्म 8. दोनदा भरला. एकदा कार्यालयात सांगितलं की राहण्याचा पुरावा आणा. खोली अजून तिच्या नावावर झालेली नाही, लाईट बिल कुणाचं आणणार? प्रत्येक खेपेला तिचाही एक खाडा. फुटपाथवर राहणाऱ्याची नोंद करताना कागद मागायचा नाही, रात्री जाऊन तो खरंच तिथे झोपतो का ते बघायचं, असं निवडणूक आयोगाचीच सूचना सांगते. मग हिला का पिटाळून लावता?

आणि हे फक्त मतापुरतं नाही हो. झोपडपट्टी पुनर्वसनात फुकट खोली मिळायची तर 1 जानेवारी 2000 आधीचा पुरावा लागतो, आणि त्यात मतदार यादीतलं नाव हा मोठा पुरावा. आईच्या ट्रंकेत एका प्लास्टिकच्या पिशवीत जुन्या यादीच्या पानाची झेरॉक्स आहे. पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली, मागून सेलोटेप. आमच्या नावाखाली निळ्या पेनाची रेघ. पावसाळ्यात घरात पाणी शिरलं की ती आधी ही पिशवी माळ्यावर टाकते, मग गादी. यादीतून आमचं नाव गेलं तर उद्या परिशिष्ट-2 मध्ये, म्हणजे पात्र झोपडीवाल्यांच्या यादीत, आम्ही कशाच्या जोरावर उभे राहायचं?

त्यात तेव्हा पालिकेची निवडणूकच झालेली नव्हती. 2017 ला झाली ती तोवरची शेवटची. मार्च 2022 पासून प्रशासक होता. आमचं पाणी, गटार, संडास, सगळं पालिकेकडे, आणि पाणी आलं नाही तर ज्याच्या दारात जाऊन भांडता येईल असा नगरसेवकच नव्हता. टॉवरमध्ये टँकर येतो. आम्ही कुणाचं दार ठोठवायचं?

आईला म्हटलं, त्या बाईंशी मी बोलतो. ती घाबरली. घर सुटेल म्हणते. पुढच्या वेळी पहाटे पाचला जाऊन उभी राहीन, फोन घरीच ठेवीन, म्हणते. पण मी जाणार आहे. एक तारखेला पगार होतो, त्या दिवशी मी तिच्याबरोबर जाणार आणि कॅलेंडरवरच्या त्या लाल गोलाचे पैसे मागणार.