चार तास झोपून स्टॅमिना वाढतो म्हणे!

परवा पहाटे रंकाळ्यावर फिरायला गेलो, तर पायरीवर भाचा दिसला. बुटाची लेस बांधत होता. बांधत कसला, लेस हातात तशीच आणि मान खाली, गाढ झोपला होता. हलवलं तर म्हणतो, "मामा, झोपलो न्हाई. स्टॅमिना बनवायलोय."

पोरगा एसआरपीएफ भरतीच्या पाच किलोमीटरची तयारी करतोय. त्याच्या बॅचच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, जो एव्हाना मलाही तिघांनी पाठवलाय: '२१ दिवस फक्त ४ तास झोपा. शरीराला सवय होते, दम वाढतो. पैलवान पहाटे ३ ला उठतात ते उगीच नाही. जास्त झोपेनं अंग जड होऊन नडग्या दुखतात. झोप आलीच तर कडक चहा मारा.' खाली वाघाचा फोटो. वाघ दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ लोळून काढतो, पण ते असू दे.

पैलवानांचं नाव कोल्हापुरात बसून असं वापरायचं म्हणजे कमाल आहे. गंगावेशीच्या नाहीतर मोतीबाग तालमीत जाऊन कुणालाही विचारा. पहाटे उठणारा पैलवान रात्री लवकर आडवा झालेला असतो. सकाळची मेहनत, थंडाई, जेवण झालं की दुपारी पुन्हा ताणून देतो, तेव्हा कुठं संध्याकाळी जोर-बैठकांना उठतो. मेसेजवाल्यानं पहाटेचा गजर तेवढा उचलला आणि दुपारचं घोरणं गाळलं. आमचा पठ्ठ्या बारापर्यंत रील्स बघतो, चारला उठतो आणि दिवसभर क्लासला बसतो. ही कुठली तालीम?

आता दम. २००९ साली ब्रिटनमधल्या बँगर विद्यापीठातल्या संशोधकांनी ११ पुरुषांना ट्रेडमिलवर पळवलं, एकदा नीट झोपवून आणि एकदा रात्रभर जागवून. शेवटच्या अर्ध्या तासात जमेल तेवढं अंतर कापायचं होतं. झोपल्यावर सरासरी ६२२४ मीटर झाले, जागल्यावर ६०३७. गंमत पुढं आहे. हृदय-फुप्फुसाच्या कामात फारसा फरक पडला नव्हता आणि 'किती दमलात?' याचं उत्तरही दोन्ही वेळेला सारखंच. म्हणजे तेवढंच दमल्यासारखं वाटत होतं, पण अंतर मात्र कमी कापलं होतं. फरक साधारण तीन टक्के. वीस मिनिटांत पाच किलोमीटर मारणाऱ्याला हाच हिशेब लावला तर ३६ सेकंद होतात. भरतीच्या मैदानावर ३६ सेकंद म्हणजे काय, हे ग्रुपवरच्या पोरांना मी सांगायची गरज नाही.

'सवय होते' हे मात्र नुसतं चूक नाही, घातक आहे. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लोकांना सलग १४ दिवस चार किंवा सहाच तास झोपू दिलं. लक्ष देण्याच्या चाचण्यांत त्यांची कामगिरी दिवसागणिक घसरत गेली, शेवटी तर एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी. त्यांना स्वतःला मात्र आपण एवढे ढेपाळलोय असं वाटत नव्हतं. पोरं 'आता सवय झाली' म्हणतात ती हीच. असा सवय झालेला माझा भाचा पहाटेच्या अंधारात कळंब्याहून मोटरसायकल चालवत रंकाळ्यावर येतो. माझ्या बहिणीला हे अजून सांगितलेलं नाही.

नडग्यांचं काय सांगू? अचानक वाढवलेलं पळणं, डांबरी रस्ता, झिजलेले बूट ही कारणं सोडून झोपेला धरलंय. शाळकरी खेळाडूंच्या एका अमेरिकन पाहणीत तर आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापतीचा धोका १.७ पट दिसला होता.

चहाचं थोडं खरं आहे, नाखुशीनं कबूल करतो. कॅफिननं पळायला मदत होते. पण रात्री नऊला क्लास सुटल्यावर टपरीवर दोन कटिंग मारले, तर उरलेली झोपही गेली.

आणि आणखी एक मान्य. भरतीच्या आदल्या रात्री धाकधुकीनं झोप मोडली तर घाबरू नका. आधीचे पंधरा दिवस नीट झोपला असाल तर एका अर्धवट रात्रीनं आभाळ कोसळत नाही. मेसेज एका रात्रीबद्दल असता तर मी बोटही उचललं नसतं.

भाच्याचा गजर मी साडेपाचवर नेलाय. पहिल्या दिवशी म्हणाला, "मामा, उशीर झाला की. सगळी पळून घरला गेली."