हिग्स यांनी बोसांचं नोबेल पळवलं का?

१ जानेवारीला सत्येंद्रनाथ बोस यांची जयंती असते. नव्या वर्षाच्या शुभेच्छांमागोमाग तो मेसेजही दरवर्षी येतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्स ८ एप्रिल २०२४ रोजी वारले, तेव्हाही तो पुन्हा वर आला. मजकूर थोडक्यात असा: 'गॉड पार्टिकल', म्हणजे हिग्स बोसॉन हा कण, बोसांनी १९२४ मध्येच शोधला होता, म्हणून तर नावात 'बोसॉन' आहे, इंग्रज हिग्सने तोच सिद्धांत स्वतःच्या नावावर खपवला, २०१३ चं नोबेल एकट्या गोऱ्या माणसाला दिलं, आणि शेवटी विज्ञानाने देव मान्य केला. खाली अर्थातच, 'प्रत्येक भारतीयापर्यंत पोहोचवा'.

'बोसॉन'पासून सुरुवात करू, कारण सगळा डोलारा त्या एका शब्दावर उभा आहे. बोसॉन हे एका कणाचं नाव नाही, कणांच्या एका मोठ्या जातीचं आहे. प्रकाशाचा फोटॉन बोसॉन, ग्लुऑन बोसॉन, डब्ल्यू आणि झेड बोसॉन, इतकंच काय, साध्या हेलियमचा अख्खा अणूसुद्धा बोसॉन. ज्यांचा स्पिन (कणाचा स्वतःभोवती फिरण्यासारखा एक अंगभूत गुणधर्म) पूर्णांकी ते सगळे या जातीत. हिग्स बोसॉनचा स्पिन शून्य, म्हणून तोही त्यात बसतो. हापूसला अल्फान्सो हे नाव अल्बुकर्कवरून पडलं असं सांगतात, म्हणून देवगडच्या बागेतला आंबा काही पोर्तुगीजांनी लावला असं कुणी म्हणत नाही.

'बोसॉन' हा शब्द बोसांनी घडवलेलाही नाही. पॉल डिरॅक यांनी १९४५ मध्ये पॅरिसच्या एका व्याख्यानात तो वापरला. डिरॅक ब्रिटिश आणि नोबेलविजेते. पुढे हिग्स ब्रिस्टलच्या ज्या शाळेत गेले तिथल्या मानफलकावर या डिरॅकचंच नाव होतं, आणि ते वाचून हा माणूस कोण, म्हणून त्या मुलाचं कुतूहल चाळवलं. इंग्रजांनी बोसांचं नाव पुसलं, असं म्हणणाऱ्यांनी निदान एवढं लक्षात ठेवावं की ते नाव भौतिकशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात नेऊन बसवणारा माणूस इंग्रजच होता.

मग १९२४ मध्ये बोसांनी केलं काय? ढाका विद्यापीठात शिकवताना त्यांनी प्लांकचा प्रारणाचा नियम, म्हणजे तापलेल्या वस्तूतून कोणत्या रंगाचा प्रकाश किती बाहेर पडतो याचा नियम, एका नव्या वाटेने सिद्ध केला. दोन फोटॉन दोन कप्प्यांत किती प्रकारे ठेवता येतील? नेहमीच्या हिशेबाने चार: दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे, आणि एक इकडे एक तिकडे हे दोन प्रकारे. बोसांच्या हिशेबाने मात्र तीनच, कारण दोन फोटॉन एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत. त्यांची अदलाबदल केली म्हणून नवी मांडणी होत नाही. हा छोटा लेख त्यांनी आइन्स्टाइनना पाठवला. आइन्स्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापून आणला आणि तीच पद्धत पुढे अणूंना लावली. क्वांटम सांख्यिकीची, म्हणजे एकमेकांपासून वेगळे न ओळखता येणाऱ्या कणांच्या मोजदादीची, सुरुवात इथली. एवढं काम कुणाच्याही आयुष्याला पुरेसं आहे. त्यावर खोटा मुलामा कशाला चढवायचा?

आणि तारखा बघा ना. १९२४ मध्ये अणुकेंद्रातला न्यूट्रॉनसुद्धा माहीत नव्हता. चॅडविक यांना तो १९३२ मध्ये सापडला. क्षीण बलाचा, म्हणजे काही किरणोत्सर्गामागे असलेल्या बलाचा, पहिला नीट सिद्धांत फर्मी यांचा, तोही १९३०च्या दशकातला. हिग्स यांनी सोडवलेला प्रश्न बोसांच्या लेखाच्या वेळी कुणी विचारलेलाही नव्हता.

तो प्रश्न असा होता. बलं वाहून नेणाऱ्या कणांचं गणित सममितीवर उभं करायला गेलं की त्या कणांना वस्तुमानच राहत नाही. वस्तुमान नसेल तर बल लांबवर पोहोचायला हवं. पण क्षीण बल अणुकेंद्राच्याही आतल्या अंतरावर संपतं. सममिती मोडून बघावी, तर भौतिकशास्त्रज्ञ गोल्डस्टोन यांच्या प्रमेयानुसार वस्तुमानरहित असे आणखी नवे कण निघतात, जे कुणाला कधी दिसलेले नव्हते. १९६४ च्या उन्हाळ्यात एडिंबरा विद्यापीठात व्याख्याते असलेल्या हिग्स यांनी दाखवलं की प्रमेयातून एक पळवाट आहे: बलवाहक कण तो नकोसा कण पोटात घेतो आणि स्वतः जड होतो. पहिला लेख छापून आला. दुसरा 'फिजिक्स लेटर्स'ने परत पाठवला, आणि त्या नियतकालिकाचं संपादन चालायचं जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत, म्हणजे जिथे अठ्ठेचाळीस वर्षांनी तो कण सापडला तिथेच! हिग्स यांनी लेखात थोडी भर घातली, त्यातून एक नवा, वस्तुमान असलेला कण निघतो असं नोंदवलं आणि लेख अमेरिकेत धाडला. 'हिग्स बोसॉन' म्हणतात तो या भरीतला. बोसांच्या लेखातून उचलता येईल असं यात काहीच नाही.

'एकट्या इंग्रजाला नोबेल' हेही खोटं. २०१३ चं पारितोषिक हिग्स आणि बेल्जियमचे फ्रान्स्वा एंग्लर्ट यांना मिळून होतं. एंग्लर्ट आणि रॉबर्ट ब्राउट यांचा लेख तर हिग्स यांच्या लेखांच्या आधी छापला गेला होता; ब्राउट २०११ मध्ये वारले आणि मरणोत्तर नोबेल देत नाहीत. त्याच वर्षी गुराल्निक, हेगन आणि किबल यांचाही लेख आला. त्यांच्यापैकी टॉम किबल यांचा जन्म मद्रासचा, हे मेसेजवाल्यांच्या नजरेतून कसं निसटलं कोण जाणे. श्रेय लाटल्याचा आरोप ज्यांच्यावर आहे ते हिग्स स्वतः या प्रक्रियेला गमतीने आठ जणांची आद्याक्षरं जोडून नाव देत: अँडरसन, ब्राउट, एंग्लर्ट, गुराल्निक, हेगन, हिग्स, किबल आणि त होफ्ट. १९९९ मध्ये देऊ केलेली 'सर' ही पदवी त्यांनी नाकारली. नोबेल जाहीर झालं तेव्हा ते बाहेर जेवायला गेले होते, मोबाइल बाळगत नसत, आणि बातमी त्यांना रस्त्यात एका जुन्या शेजारणीने सांगितली.

देवाचं प्रकरण दोन ओळींत संपतं. 'गॉड पार्टिकल' हे नाव भौतिकशास्त्रज्ञ लिऑन लेडरमन यांच्या १९९३ च्या पुस्तकाचं. हिग्स नास्तिक होते आणि ते नाव त्यांना मुळीच आवडत नसे.

भारताचा वाटा शोधायचाच असेल तर १९२४ पर्यंत मागे जायला नको, कुलाब्यापर्यंत गेलं तरी पुरे. ४ जुलै २०१२ रोजी सर्नने कण सापडल्याचं जाहीर केलं ते अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांच्या जोरावर. त्यातल्या सीएमएसच्या बाहेरच्या हॅड्रॉन कॅलरीमीटरच्या (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणाच्या) उभारणीत कुलाब्याच्या टीआयएफआरचा, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, मोठा हात आहे. त्याबद्दलचा फॉरवर्ड मला अजून एकही आलेला नाही.

राहता राहिली एक गोष्ट, आणि तिथे मेसेजवाल्यांचा राग अगदीच अनाठायी नाही. बोसांना नोबेल मिळालं नाही. १९५६ ते १९६२ दरम्यान त्यांचं नाव अनेकदा सुचवलं गेलं. नोबेल समितीसाठी मूल्यमापन करणारे भौतिकशास्त्रज्ञ ऑस्कर क्लाइन यांना त्यांचं काम त्या तोडीचं वाटलं नाही. पुढे बोस-आइन्स्टाइन संघनन (अतिथंड अणू एकाच अवस्थेत गोळा होणं) प्रत्यक्षात घडवणाऱ्या तिघांना २००१ मध्ये नोबेल दिलं गेलं, तेव्हा बोसांना जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती. भांडायचं तर या निर्णयाशी भांडावं, माझीही त्याला साथ आहे. पण ते भांडण स्टॉकहोमच्या नोबेल समितीशी आहे. क्लाइन यांनी बोसांचं काम बाजूला सारलं तेव्हा हिग्स यांचा १९६४ चा लेख लिहूनही झालेला नव्हता.