तिवरं तोडून माड लावायचे म्हणे

मामेभाऊ वेंगुर्ल्याकडं खाडीकाठची जागा बघून आलाय. चौघं मित्र मिळून 'इको' रिसॉर्ट काढणार. सल्ला कुणाचा घेतला, तर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका फॉरवर्डचा. काल रात्री तो मलाच पाठवून वर लिहितो, "दादा, वाच की. आता काय अडचण हाय?"

त्यातलं मुख्य रत्न असं: 'तिवरं (खाडीतली खारफुटीची झाडं; त्यांचं रान म्हणजे कांदळवन) तोडून तेवढेच माड लावा. कार्बन तेवढाच साठतो, वर नारळ मिळतात.'

अरे बाबा, हिशेब नुसत्या झाडांचा नाहीच, खालच्या चिखलाचा आहे. २०११ साली 'नेचर जिओसायन्स'मध्ये हिंदी-प्रशांत महासागरी पट्ट्यातल्या २५ कांदळवनांची मोजणी छापून आली. हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन. जागेगणिक त्यातला ४९ ते ९८ टक्के मातीत. माड लावायचे म्हणजे भराव घालणार, चर खणणार, भरतीचं पाणी अडवणार. पिढ्यान्‌पिढ्या पाण्याखाली दबलेल्या चिखलाला हवा लागली की तोच कार्बन वायू होऊन उडायला लागतो. तो भरून काढायला माड किती आणि वर्षं किती, ते फॉरवर्डवाल्यानं सोयीस्करपणे गाळलंय.

फॉरवर्डातलं पुढचं: 'खाडीला वास मारतो, पर्यटक पळतील.' वास येतो, मान्य. सडक्या अंड्यासारखा येतो. पण तो येतो चिखलात ऑक्सिजन नसल्यामुळं, आणि ऑक्सिजन नाही म्हणूनच पाला-मुळं पुरती कुजत नाहीत, कार्बन जागेवर राहतो. राहता राहिले पर्यटक. वेंगुर्ल्यातच बचत गटाच्या बायका याच तिवरांतून होडी फिरवून पैसे कमावतात. फॉरवर्डवाले शेठ त्यात बसले नसावेत.

'तिवरांमुळं डास होतात' हे मात्र थोडं खरं आहे. पाणी तुंबलं की डास होणारच. पण भरती-ओहोटी मोकळी असली तर तुंबत नाही. भराव टाकला की तुंबतं.

'खासगी जागेत कायदा लागत नाही' ही शुद्ध थाप. मालकी कुणाचीही असो, महाराष्ट्रात तिवरं तोडायला मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मनाई केलीय.

आणि खास आम्हा बेळगावकरांसाठी शेवटी: 'आपण घाटावरची माणसं, समुद्राशी काय संबंध?' म्हादई उगवते कुठं? आपल्याच खानापूर तालुक्यात. तीच पुढं मांडवी होऊन पणजीजवळ चोडण बेटाच्या तिवरांत शिरते. त्या पाण्यावरून इतकी वर्षं भांडणं ऐकतोय, तरी हा प्रश्न!

विसार अजून दिलेला नाही, असं भाऊ म्हणतो. जागा एकदा ओहोटीला बघून ये, म्हटलंय. तो भरतीच्या वेळी गेला होता.