‘चार शनिवार-रविवारी स्वतःचं विमान’: फोटोत दोन खुर्च्या आहेत, तिथूनच सुरुवात करू

काही महिने एक मजकूर या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. सोबत रंगीत पंखांच्या एका चिमुकल्या विमानाचा, म्हणजे अल्ट्रालाइटचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: गाडीच्या किमतीत विमान घ्या. किट मागवा, चार शनिवार-रविवार नटबोल्ट आवळा, झालं. परवाना लागत नाही, शिकायची गरज नाही. इंजिन बंद पडलं तरी तरंगत खाली येतं, आणि वेग इतका कमी की पडलात तरी फार लागत नाही.

माझे हात दोन मित्रांच्या किटवर ग्रीसने माखलेत. एकाचं विमान उडतं, दुसऱ्याचं अजून शेडच्या छताला टांगलेलं आहे. त्यामुळे हे सगळं थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धंच आहे.

‘परवाना लागत नाही’

हे वाक्य अमेरिकेतून आलंय आणि तिथे ते खरं आहे, अटींसकट. १९७६ साली तिथल्या ऑशकॉश गावच्या विमान-मेळाव्यात जॉन मूडीने हँग ग्लायडरला इंजिन बांधून पायांनी धावत उड्डाण करून दाखवलं आणि या खुळाची लाट आली. १९८२ साली तिथे ‘पार्ट १०३’ नावाचा नियम झाला. त्यात बसायला माणूस एकच. रिकामं वजन २५४ पाउंडांच्या, म्हणजे सुमारे ११५ किलोंच्या आत. इंधन ५ गॅलन, म्हणजे जेमतेम १९ लिटर. पूर्ण ताकदीवर सरळ उडताना वेग ५५ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे १०२ किलोमीटरच्या वर नाही, आणि इंजिन बंद असताना स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला पेलत नाहीत तो वेग, २४ नॉटपेक्षा जास्त नाही. उडायचं ते फक्त हौसेसाठी आणि दिवसाउजेडी, दाट वस्तीवरून नाही. एवढं पाळलंत तर ना परवाना, ना नोंदणी.

आता फोटो पुन्हा बघा. त्यात दोन खुर्च्या आहेत. म्हणजे ज्या नियमाच्या जोरावर मजकूर लिहिलाय, त्यात ते विमान पहिल्याच अटीला बाद.

शिवाय हा नियम अमेरिकेचा, जगाचा नव्हे. ब्रिटनमध्ये ३०० किलोपर्यंत उड्डाण-वजनाच्या एकआसनी मायक्रोलाइटना (तिथली हलकी विमानं) २०१४ पासून उड्डाणयोग्यतेच्या तपासणीतून सूट आहे, पण चालवणाऱ्याला परवाना लागतोच. पैसे भरण्याआधी आपापल्या देशातला नियम मूळ कागदावर वाचावा, विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नये.

‘शिकायची गरज नाही’

सगळ्यात घातक वाक्य हेच. एकआसनी विमानात शेजारी शिक्षक बसूच शकत नाही. पहिलं उड्डाणच एकट्याचं.

आणि गंमत अशी की मोठी विमानं चालवणारेही यात फसतात. जड विमानाचं इंजिन थांबलं तर अंगातल्या वेगावर ते काही क्षण पुढे जात राहतं, विचार करायला थोडी उसंत मिळते. अल्ट्रालाइट म्हणजे उघड्या नळ्या, ताणलेल्या तारा आणि वाऱ्यात बसलेला माणूस. वजन नाही आणि वाऱ्याचा रोध भरपूर. थ्रॉटल गेला की वेग तिथल्या तिथे मरतो. नाक ताबडतोब खाली दाबावं लागतं, तेही जमीन जवळ असताना, आणि माणसाचा हात नेमका उलट, दांडी मागे ओढायला जातो. ही सवय वाचून मोडत नाही. तशाच जातीच्या दोन-आसनी विमानात शिक्षकाबरोबर पुन्हा पुन्हा इंजिन बंद करून उतरलं, तरच मोडते.

‘गाडीच्या किमतीत’

होऊ शकतं. मात्र जाहिरातीतला आकडा बऱ्याचदा फक्त सांगाड्याचा असतो. इंजिन, प्रोपेलर, तापमानाची मीटरं, कापड आणि रंग, पेटीचा वाहतूक खर्च, हेल्मेट, ट्रेलर, विमान ठेवायला जागा, विमा हे सगळं वेगळं. यादी हातात घेऊन एकेक ओळ विचारा. एवढंच.

‘चार शनिवार-रविवारी जोडा’

किट दोन जातींचं असतं. नळ्या कापून-भोकं पाडून आलेल्या, पंखांचं डेक्रॉनचं (पॉलिएस्टरचं) कापड आधीच शिवलेलं, असं बोल्टने जोडायचं किट खरंच काही आठवड्यांत उभं राहतं. पण जिथे नळ्या तुम्हीच कापायच्या, रिव्हेट तुम्हीच ठोकायचे, कापड चिकटवून इस्त्रीने ताणायचं, तिथे काम शेकडो तासांचं आहे. इस्त्रीसुद्धा साधी चालत नाही. पॉलिएस्टरचं कापड आधी सुमारे १२० अंश सेल्सिअसला आणि शेवटी १७५ च्या आसपास आवळतात. इस्त्रीवरच्या चकतीवर भरवसा न ठेवता थर्मामीटर लावून खुणा कराव्या लागतात. जास्त तापली तर कापड सैल पडतं आणि मग आवळत नाही.

मित्राच्या शेडमध्ये एक अख्खा रविवार आम्ही चार तारांवर घालवला. सुकाणूची तार थिंबलभोवती, म्हणजे धातूच्या खोबणीदार कडीभोवती वळवायची, तांब्याच्या स्लीव्हमधून (आखूड नळीतून) परत आणायची, ती नळी दाबयंत्राने आधी मधोमध दाबायची, मग थिंबलच्या बाजूला, मग दुसऱ्या टोकाला. प्रत्येक दाब मापपट्टीच्या खाचेत बसतो का ते बघायचं. एक बसला नाही. तार कापून पुन्हा सुरुवात. चार तारा, एक दिवस. मजकुराच्या हिशेबात तेवढ्यात विमानाचा आठवा हिस्सा व्हायला हवा होता.

बोल्टचंही तेच. विमानासाठीच्या ठरावीक दर्जाच्या, ‘एएन’ म्हणतात त्या स्टीलच्या बोल्टच्या डोक्यावर फुलीची किंवा चांदणीची खूण असते. हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट दिसायला तसाच, पण एक तर मऊ नाही तर ठिसूळ. जिथे सांधा फिरतो तिथे आत नायलॉनचं कडं असलेला नट चालत नाही, खाचांचा नट आणि त्यातून कॉटर पिन लागते. नळीला भोक पाडल्यावर कडा घासून गुळगुळीत केली नाही तर तडा तिथूनच सुरू होतो.

शेवटी तोल. तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून, चालवणारा बसवून गुरुत्वमध्य काढायचा. शेपटीकडे जड झालेलं विमान एकदा स्टॉल झालं की सावरणं मुश्कील. हे काम कंटाळवाणं असतं आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांना उडायची घाई झालेली असते. हत्ती गेला, शेपूट राहिलं म्हणतात ते इथे अक्षरशः.

‘इंजिन बंद पडलं तरी तरंगत येतं’

येतं, पण किती? तारांनी बांधलेली उघडी विमानं सहा-सात मीटर पुढे जाताना एक मीटर खाली येतात. शंभर मीटर उंचीवर इंजिन गेलं तर वारा नसताना पुढचे सहा-सातशे मीटरच तुमचे. मागे वळून धावपट्टी गाठायचा मोह तिथे जिवावर बेततो.

आणि ‘पडलं तर’ हा ‘तर’ लहान नाही. ११५ किलोंच्या मर्यादेत बसायचं तर इंजिन सहसा टू-स्ट्रोकच येतं. रोटॅक्स या कंपनीच्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या पुस्तिकेत बनवणारेच बजावतात की हे इंजिन अचानक थांबू शकतं, सुरक्षित उतरता येणार नाही अशा जागेवरून उडू नका. त्यांच्या ५०३ आणि ५८२ या इंजिनांची पूर्ण उघडून दुरुस्ती (ओव्हरहॉल) ३०० तासांनी सांगितलेली आहे. गार इंजिनावर एकदम थ्रॉटल दिला तर पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर फुगतो आणि जागीच चिकटतो. उतरताना थ्रॉटल कमी करून लांब घसरत आलात तर पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होऊन एक्झॉस्टचं तापमान वर चढू शकतं. म्हणजे आवाज शांत, डोकं निवांत, आणि मीटरचा काटा लाल रेषेकडे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या खराब करतं, ते आणखी वेगळं.

‘वेग कमी, फार लागत नाही’

गणित करू. २४ नॉट म्हणजे ताशी सुमारे ४४ किलोमीटर. या वेगाने आदळणं म्हणजे पावणेआठ मीटरवरून, अडीच मजल्यांवरून पडणं. ५५ नॉटला हीच उंची चाळीस मीटरच्या वर जाते. आणि पुष्कळ अल्ट्रालाइटांत तुमच्यापुढे धातू नसतोच, आधी पोचतात ते तुमचे पाय. इंजिन पाठीमागे, डोक्याच्या पातळीवर.

रॉकेटने उघडणारा पॅराशूट बसवता येतो. अमेरिकेत त्यासाठी २४ पाउंड वजनाची सवलतही मिळते. बसवावाच. पण जमिनीलगत स्टॉल झालात तर तो उघडायला उंचीच शिल्लक नसते.

मग स्वस्तात विमान मिळतच नाही का? मिळतं. सगळ्यात स्वस्त विमान म्हणजे दुसऱ्याने अर्धवट सोडलेलं किट. टॉर्च घेऊन जा, नळ्यांच्या आत गंज बघा, उन्हात राहिलेलं कापड ताकदीच्या चाचणीशिवाय घेऊ नका, नकाशे आणि कामाची वही मागा. छताला टांगलेलं ते मित्राचं विमान विकायचंच आहे. वही हरवली आहे आणि खोक्यात दोन्ही जातीचे बोल्ट एकत्र झालेत. कुणी बघायला आलं की तो आधी मूठभर बोल्ट हातावर ठेवतो आणि म्हणतो, यातले फुलीवाले वेगळे काढ, मग बोलू.