रेंजमधून −१/४ का वगळायचा?

नमस्कार सर,

तुमचा आक्षेप असा: (क्ष² − ५क्ष + ६)/(क्ष² − ४) मध्ये (क्ष − २) वर-खाली कापला की (क्ष − ३)/(क्ष + २) उरतं. डोमेनमधून (क्ष ला चालणाऱ्या किंमती) −२ काढा, रेंजमधून (फंक्शन घेऊ शकतं त्या किंमती) १ काढा, झालं. मी २ आणि −१/४ सुद्धा काढून मुलांना उगाच घाबरवलं. सीईटीच्या गणिताच्या पेपरात ९० मिनिटांत ५० प्रश्न सोडवणाऱ्याला हे परवडत नाही.

सर, मी माझ्या उत्तरावर ठाम आहे. डोमेन ठरतं ते दिलेल्या राशीवरून, कापाकापीच्या आधी. क्ष = २ ठेवलं की ती राशी ०/० होते, म्हणजे तिथे फंक्शनला किंमतच नाही. (क्ष − २) शून्य नाही, असं धरूनच आपण तो कापतो. मग उत्तर लिहिताना ती अट सोडून कशी चालेल? उरलेली राशी कुठलीही किंमत एकापेक्षा जास्त वेळा घेत नाही. −१/४ ही किंमत ती फक्त क्ष = २ ला घेते, आणि तिथे तर जाता येत नाही.

विवेचकाने (वर्गसमीकरणाची ब² − ४अक ही राशी; ती ऋण असेल तर वास्तव मूळ नसतं) पडताळून पाहा, हा भाग मला फार आवडतो. राशी = य मानून छेदाने गुणलं की

(य − १)क्ष² + ५क्ष − (४य + ६) = ०

विवेचक येतो (४य + १)². तो कधीच ऋण नाही, म्हणजे वरवर पाहता प्रत्येक य चालायला हवा! असं होतं, कारण य काहीही असो, या समीकरणाचं एक मूळ २ असतंच. छेदाने गुणल्यामुळे ते आत शिरलं आहे. खरं मूळ दुसरं: −(२य + ३)/(य − १). य = १ ला ते मिळत नाही आणि य = −१/४ ला तेही २ च येतं. दोन्ही किंमती बाद.

‘सर्वांत मोठ्या घातांच्या सहगुणकांचं गुणोत्तर वगळा’ हा तुमचा नियम वर-खाली एकघाती राशी असतील, आणि काही कापलं जात नसेल, तर बरोबर आहे. पण क्ष/(क्ष² + १) घ्या. वर क्ष² चा सहगुणक ०, म्हणून नियमाने ० जायला हवा, पण क्ष = ० ठेवताच ० मिळतो. खरी रेंज −१/२ ते १/२, दोन्ही टोकं धरून.

वेळेचं म्हणाल, तर कापलेला अवयव समासात लिहून ठेवायचा आणि त्याची किंमत उरलेल्या राशीत घालायची: (२ − ३)/(२ + २). अर्ध्या ओळीचं काम आहे.