किडकं वांगं म्हणजे बिनऔषधाचं वांगं?

मोबाइलवर एक निरोप फिरतोय : किडकी भाजी घ्या, तिच्यावर औषध मारलेलं नसतं, मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवली की उरलंसुरलं विष जातं, द्राक्षावरचा पांढरा थर म्हणजे औषधच, आणि शक्यतो सगळं सेंद्रियच आणा.

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत भोकाचं वांगं मिळालं म्हणून खूश होण्यासारखं काही नाही. शेंडा व फळ पोखरणारी अळी अंड्यातून निघाली की लगेच आत शिरते. आत गेल्यावर वरचं औषध तिला लागत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा फवारावं लागतं. भोकाच्या वांग्यानं उलट जास्त फवारण्या खाल्लेल्या असू शकतात. खरी मेख तोड्यात आहे. वांगी, भेंडी दर तीन-चार दिवसांनी तोडावी लागते. फवारणीनंतर किती दिवस थांबायचं हे औषधासोबतच्या माहितीत छापलेलं असतं. ते दिवस जास्त असले तर एक तोडा सोडायला हवा. दर चढा असताना तो कोण सोडतो? लक्ष्मीपुरीत शेतकरी स्वतः विकायला बसला असेल तर ‘औषध मारलंय का?’ विचारून उपयोग नाही. ‘मामा, शेवटचं औषध कधी मारलं?’ असं विचारा.

मिठाचं पाणी अर्धंच खरं. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक वरवर बसतं, धुतल्यावर बरंच कमी होतं. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक आंतरप्रवाही, झाडाच्या रसातच भिनतं. तिथं मीठ काय आणि व्हिनेगर काय. 2017 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या प्रयोगात खाण्याच्या सोड्याच्या 1 टक्का पाण्यानं 12 ते 15 मिनिटांत सफरचंदाच्या सालीवरचं औषध निघालं, सालीत मुरलेलं तसंच राहिलं. हे प्रमाण म्हणजे लिटरभर पाण्याला 10 ग्रॅम, साधारण दोन छोटे चमचे. रोजच्या भाजीला नळाखाली अर्धा मिनिट चोळणं पुरे. मेथी-कोथिंबीर मात्र निवडून, तीन वेळा पाणी बदलून धुवा, फ्लॉवरचे तुरे सुटे करा. आणि साबण नको!

द्राक्षावरची एकसारखी पांढरट झाक हे फळाचं स्वतःचं मेण. ठिपके किंवा ओघळ दिसले तर ते फवारणीचे असू शकतात.

सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असंही नव्हे. निंबोळी अर्क, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण तिथंही चालतं. पाकिटावर ‘जैविक भारत’सारखं प्रमाणित सेंद्रिय मालाचं चिन्ह बघा. जादा पैसे घालायचेच तर सालीसकट, कच्चं खातो त्यावर घाला : द्राक्षं, टोमॅटो, ढबू मिरची, कोथिंबीर. कांदा, केळी, नारळ, कलिंगड नेहमीचंच आणा, साल तर आपण टाकूनच देतो.