चाकांवरच्या घराची मोरी

"आणि तुमचं संडासाचं पाणी कुठे टाकता?"

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत, आमची कॅराव्हान अंगणाच्या कडेला लावून पाच मिनिटं झाली नव्हती तेवढ्यात काकूंनी हे विचारलं. हातात कोकम सरबताचे पेले आणि नजर गाडीखालच्या पाइपावर. नाशिकहून निघून चार दिवस झाले होते. गावोगावी लोक गाडी बघायला जमायचे. आत झोपायला किती जण, एसी चालतो का, भाडं किती पडलं, सगळं विचारून झालं होतं. हा प्रश्न मात्र पहिल्यांदाच आला आणि आम्हा चौघांपैकी कुणाकडेही धड उत्तर नव्हतं.

परत येऊन तीन आठवडे झाले तरी तो प्रश्न डोक्यातून जात नाही. म्हणून लांबलचक लिहितोय, सवडीने वाचा.

आम्ही चौघे कॉलेजपासूनचे. एक दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार, एक डॉक्टर, एक बँकेत आणि मी. बागायतदाराचा माल यंदा जानेवारीतच निघाला म्हणून फेब्रुवारीत जमलं, नाहीतर त्या दिवसांत तो बाग सोडून हलत नाही. ठरलं असं, की कसारा घाट उतरून भिवंडी, पनवेल, पेण करत अलिबाग गाठायचं आणि तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून रत्नागिरीपर्यंत जायचं. हॉटेलचं बुकिंग नाही, घाई नाही.

नाशिकच्या माणसाला समुद्राचं वेड का असतं यावर माझं एक मत आहे. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण आपली गोदावरी तिकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. शेजारचीच वैतरणा मात्र सरळ पश्चिमेला उतरते. घाट उतरताना मला दर वेळी वाटतं, आपण वैतरणेच्या वाटेने निघालोय.

रेवस ते रेड्डी हा सागरी रस्ता बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे १९८०च्या सुमाराची कल्पना. अजून तो सलग नाही. मध्ये खाड्या आडव्या येतात आणि गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. आगरदांडा ते दिघी, बाणकोटची सावित्री, दाभोळची वाशिष्ठी, तवसाळ ते जयगड शास्त्रीची खाडी. आमच्या अख्ख्या प्रवासातला सर्वात सुंदर वेळ या चार बोटींवर गेला. दाभोळला आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी संपत आली होती. पाणी खाली गेलं की जेटीचा उतार आणि बोटीचा फाळका यांच्यामध्ये कोन तयार होतो. छोटी गाडी सहज जाते, पण आमच्या गाडीचा मागचा भाग चाकांच्या बराच बाहेर आलेला, तो खाली घासणार होता. बोटीवरचा पोरगा वाकून बघून म्हणाला, "दादा, घाई करू नका, पाणी चढू द्या." मग आम्ही दीड तास जेटीवर बसलो. वाळत घातलेल्या जाळ्यांचा वास, मागे मशिदीचा घुमट, समोर धोपावेचा हिरवा डोंगर. पाणी एकेक पायरी चढत आलं आणि गाडी अलगद आत गेली. चिपळूणचा वळसा घेतला असता तर तेवढाच वेळ गाडीत बसून काढला असता.

या खाड्यांवर पूल हवेत की नको, हा वाद मला घालायचा नाही. पलीकडच्या गावातल्या आजारी माणसाला रात्री बोट मिळत नाही, त्याच्यासाठी पूल हवाच.

आता मूळ मुद्दा. कॅराव्हानमधला संडास म्हणजे खाली एक पेटी असते, मोठ्या सुटकेससारखी, वीसेक लिटरची. चार माणसांत ती दीडेक दिवसात भरते. भरली की ओढून बाहेर काढायची आणि कुठेतरी रिकामी करायची. भांडी आणि अंघोळीच्या पाण्याची टाकी वेगळी. गाडी ताब्यात घेताना भाड्याने देणाऱ्या माणसाने गॅस, बॅटरी, छत्री, सगळं व्यवस्थित दाखवलं. पेटीबद्दल विचारलं तर म्हणाला, "कुठेही रिकामी करा, कोकणात मोकळी जागा भरपूर." आम्ही तेव्हा मान डोलावली, याची मला आज लाज वाटते. पहिली पेटी मुरूडच्या अलीकडे एका हॉटेलवाल्याने दया येऊन त्याच्या संडासात ओतू दिली. दुसऱ्या वेळी हरिहरेश्वरला तीच विनंती करावी लागली. तिसरी आता काकूंच्या अंगणात भरत आली होती.

काकूंच्या घरामागे सेप्टिक टँक होता. त्यात ओतू का, असं विचारायला डॉक्टर निघालाच होता. पण पेटीत घालायच्या निळ्या औषधाची बाटली त्याने आधी वाचली. त्यात फॉर्माल्डिहाइड होतं. सेप्टिक टँक चालतो तो जिवाणूंवर आणि हे औषध जिवाणूच मारतं. चार दिवसांचे पाहुणे जाताना काकूंच्या घराची व्यवस्था बिघडवून गेले असते. मग बागेच्या कडेला खड्डा करून टाकायचं? तिथे आमचा बागायतदार आडवा आला. त्याने जमिनीकडे बोट दाखवलं. जांभा! चाळणीसारखा दगड. वर ओतलेलं पाणी तो धरून ठेवत नाही. आणि खड्ड्यासाठी जी जागा बघत होतो तिथून काकूंची विहीर वीस पावलांवर, चिऱ्यांनी बांधलेली, कठड्यावर रहाटाच्या दोराने पडलेल्या खाचा.

कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांवर टँकर येतो, त्याचं एक मोठं कारण हा जांभाच. पडलेलं पाणी झिरपून, वाहून समुद्राला मिळतं. मे महिन्यात विहिरीच्या तळाला जे थोडं उरतं, त्यावर घर चालतं. त्याच विहिरीतून काकूंनी आमची शंभर लिटरची टाकी भरू दिली होती. पैसे घेतले नाहीत. "जपून वापरा," एवढंच म्हणाल्या.

आपल्या सरकारने २०२१ साली कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. मला ते मनापासून पटतं. किनाऱ्यालगत पक्कं बांधकाम करायला सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, नियम आहेत, ते १९९१ पासून आहेत आणि असायलाच हवेत. तिथे हॉटेलचा मजला चढवण्यापेक्षा रात्रभर थांबून सकाळी निघून जाणारी गाडी कधीही बरी. पण अलिबाग ते रत्नागिरी या वाटेवर पेटी रिकामी करायची हक्काची जागा आम्हाला एकही सापडली नाही. घराला मोरी लागते. चाकांवरच्या घरालाही लागते. मोरी नसलेली शंभर घरं आपण कोकणात पाठवली तर ती मोरी कुणाच्या तरी खाडीत, कुणाच्या तरी विहिरीशेजारी उघडणार.

नाशिककराला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. गोदावरीत काय काय सोडलं जातं हे बघत आपण मोठे झालोय. सिंहस्थ आला की लाखो लोकांच्या पाण्याची आणि संडासाची व्यवस्था हा शहराचा पहिला प्रश्न होतो. बोलवायचं असेल तर आधी मोरी बांधावी लागते, हे आपल्याला ठाऊक आहे.

आणि हे अवघड नाही. वेळासचं उदाहरण समोर आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. आज पिल्लं समुद्रात जाताना बघायला माणसं येतात, गावातल्या घरांत राहतात, तिथेच जेवतात आणि पैसा गावात राहतो. आम्ही गाडी गावात लावली आणि चालत किनाऱ्यावर गेलो. टोपलीखालून पिल्लं निघाली. तळहाताच्या निम्म्याएवढं एक काळं पिल्लू, ओल्या वाळूवर वल्ह्यासारखे पाय मारत होतं. एका लाटेने त्याला मागे फेकलं, ते वळलं आणि पुन्हा निघालं. बँकवाला आमच्यातला सर्वात कमी बोलणारा. तो तिथून हलायला तयार नव्हता.

ही पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. रात्री समुद्रावर सर्वात उजळ असतं ते क्षितिज. तिथे कुणी हेडलाइट लावले तर ती उलटी फिरतात. म्हणून हात जोडून सांगतो, गाडी पुळणीवर नेऊ नका. फोटो चांगला येतो हे मला माहीत आहे. समुद्रासमोर दार उघडं, बाहेर खुर्च्या टाकलेल्या, असा फोटो आम्हालाही हवा होता. सुरूच्या बनाच्या अलीकडे गाडी ठेवली तरी लाटांचा आवाज रात्रभर येतो.

माझी मागणी एवढीच. किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्यात दोन-तीन ग्रामपंचायतींनी समुद्रापासून आत, गावाच्या जागेत कॅराव्हानचा थांबा करावा. चार गाड्या उभ्या राहतील एवढी सपाट जागा, मीटर लावलेला एक नळ, एक विजेचा पॉइंट आणि पेटी रिकामी करायला खालून पक्की, गळणार नाही अशी टाकी, जिचा मैला गाडीने उपसून नेता येईल. रात्रीचे पैसे घ्यावेत, चांगले घ्यावेत, आम्ही आनंदाने दिले असते. सरकारने कॅराव्हानला परवाना देताना भाड्याने देणाऱ्याला विचारावं, की तुझ्या गिऱ्हाइकाने पेटी कुठे रिकामी करायची ते लेखी दे. आणि आपण भाड्याने घेणाऱ्यांनी आगाऊ रक्कम देण्याआधी हाच प्रश्न विचारावा. उत्तर "मोकळी जागा भरपूर" असं आलं तर गाडी घेऊ नये.

ती तिसरी पेटी आम्ही झाकण घट्ट लावून तशीच पुढे नेली. दीड दिवस गाडीतला संडास बंद. रत्नागिरीत एका सार्वजनिक शौचालयाच्या राखणदाराला सगळं खरं सांगितलं. त्याने आतला कोपरा दाखवला, वर दोन बादल्या पाणी स्वतः ओतलं, आम्ही त्याचे पैसे दिले.

बाहेर येऊन हात धुतल्यावर बागायतदाराने काकूंना फोन लावला आणि कुठे टाकलं ते सांगितलं.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या, "मी विचारणारच होते."